सलाईननंतरचा तिसरा दिवस

माय, दीड महिन्यापूर्वी माझा उजवा डोळा लाल झाला. तुझा डावा झाला होता. तुला जाऊन बारा वर्षं झाली, आणि तुझ्या त्या डोळ्याच्या दुखण्याला पंधरा. तू होतीस तेव्हा मी तुला कधी पत्र लिहिलं नाही. तुला वाचता येत नव्हतं, आणि शेलूबाजारहून मेडशीला एक बस बदलून दोन तासांत येता यायचं. आज लिहिते आहे ते एवढ्यासाठीच, की जे सांगायचं आहे ते दुसऱ्या कुणाला सांगितलं तर लोक म्हणतात, झालं गेलं, कशाला मनाला लावून घेता. तू असतीस तर असं म्हणाली नसतीस. तू गप्प बसून पुरतं ऐकलं असतंस.

मला निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. आम्ही दोघं इथंच शेलूबाजारला राहतो, तुझे जावई आणि मी. पोरगी पुण्याला आहे. यंदा थंडी सुरू झाली तेव्हा न्हाणीतून पाण्याची बादली उचलताना पाठीत काहीतरी दबल्यासारखं झालं. आठ दिवस शेकत बसले, तेलं लावली, उगाच गोळ्या खाल्ल्या. शेवटी वाशीमला जाऊन फोटो काढला तर पाठीचा एक मणका चेपलेला निघाला. बत्तीस वर्षं नर्स म्हणून मी बायांना कॅल्शियमच्या गोळ्या वाटत फिरले आणि माझीच हाडं आतून पोकळ झाली होती. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, वर्षातून एकदा एक सलाईन घ्यायचं, अर्ध्या तासाचं काम आहे. मी चिठ्ठीवरचं नाव वाचलं आणि ओळखलं. तुला दिलं होतं तेच औषध. मला जराही भीती वाटली नाही माय, कारण माझ्या लेखी त्या औषधानं तुला काहीच केलेलं नव्हतं.

सलाईन घेतलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ताप आला, अंग मोडून गेलं. ते होणार हे मला ठाऊक होतं, बऱ्याच जणांना होतं. तापाची गोळी घेतली, पडून राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी उठले तर उजव्या डोळ्यात वाळू गेल्यासारखं वाटत होतं. दुपारपर्यंत डोळा लालभडक झाला. डोळे येतात तसं हे नव्हतं. चिकटा नव्हता, खाज नव्हती. दुखणं आत खोल होतं, भुवईपर्यंत चढत होतं, आणि उजेड सोसत नव्हता. तुझ्या जावयांनी खिडकी उघडली तर मी त्यांच्या अंगावर ओरडले. मग उठले, कपाट उघडलं, आणि घरात नेहमी असते ती डोळ्यात घालायची मलमाची ट्यूब काढली. झाकण काढून हातात धरली होती, आणि तेव्हा मला तुझं वाक्य ऐकू आलं. भास वगैरे काही नाही. इतकी वर्षं कुठंतरी पडून राहिलेलं आठवलं, एवढंच. मी झाकण परत लावलं आणि ह्यांना म्हणाले, अकोल्याला चला.

डोळ्यांची डॉक्टर तरुण मुलगी आहे, माझ्या पोरीपेक्षा लहान असेल. तिनं हनुवटी टेकवायला लावून यंत्रातून बराच वेळ पाहिलं. मग विचारत गेली. कधीपासून? दुखतं का? सांधे धरतात का? आधी कधी झालं होतं? आणि मग अगदी सहज, कागदावर लिहिता लिहिता म्हणाली, हाडांसाठी काही औषध घेता का? मी म्हटलं, तीन दिवसांपूर्वी सलाईन घेतलं. तिनं लिहिणं थांबवलं. म्हणाली, "सिस्टर, बरं झालं लगेच आलात. डोळ्याच्या आतल्या पडद्याला सूज आहे. हाडांच्या या औषधानं क्वचित कुणाला तरी असं होतं, बहुतेक पहिल्या काही दिवसांतच होतं." तिनं सूज उतरवायचे थेंब दिले, दर तासाला घालायचे, आणि बाहुली मोठी करायचे दुसरे थेंब दिले, म्हणजे बाहुली आत चिकटून बसणार नाही. तिसऱ्या दिवशी परत बोलावलं. निघताना विचारलं, घरात कुणाला, आईला, बहिणीला, कधी असा डोळा झाला होता का?

मी नाही म्हटलं.

परतीच्या वाटेवर डोळ्यावर काळा चष्मा, त्यावर पदर. ह्यांना वाटलं डोळा दुखतोय म्हणून मी बोलत नाही. डोळा दुखतच होता. पण मी मेडशीला पोचले होते, पंधरा वर्षं मागे.

तू अंगणात ओल्या फरशीवर पाय घसरून पडलीस आणि मनगट मोडलं, तिथून ते सुरू झालं. प्लास्टर निघालं तरी हात वाकडा राहिला. डॉक्टर म्हणाले, हाडं ठिसूळ झाली आहेत, आठवड्यातून एक गोळी घ्या, उपाशीपोटी, आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही. तू रविवार धरलास. रविवारी सकाळी गोळी घेऊन दाराशी ताठ बसायचीस, पाठ कुठं टेकवायची नाहीस, चहा मागायची नाहीस. भाऊ तुला बाई म्हणायचा; चेष्टा करायचा, बाई आज फोटोले बसली. चार महिने बसलीस. मग छातीत जळजळ सुरू झाली, घास उतरेना. तेव्हा डॉक्टर म्हणाले, गोळी नको, वर्षातून एकदा सलाईन घेऊ. मी रजा टाकून आले होते. माझ्या ओळखीनं खाट मिळाली, नर्स माझ्या बॅचची निघाली, मला भारी वाटलं. मी नोकरीला लागले तेव्हा तू वाशीमच्या बाजारातून मला सेकंदकाटा असलेलं घड्याळ आणून दिलं होतंस. नाडी मोजायला लागते, हे तुला कुणी सांगितलं होतं देव जाणे. तेच घड्याळ लावून मी तुझ्या सलाईनचे थेंब मोजत बसले. तू म्हणालीस, "किती धिरानं पडून राह्यलं वं, घाईनं कायले देत नाई?" मी हसले आणि म्हणाले, याला घाई चालत नाही. सगळं नियमानं झालं. माझ्या हातून त्या दिवशी काहीच चुकलं नाही.

तिसऱ्या दिवशी भावाचा फोन आला. माझं लसीकरणाचं सत्र चालू होतं, अंगणवाडीत चाळीस पोरं रडत होती. तो म्हणाला, बाईचा डोळा लाल झाला. मी म्हटलं, तुरीचा हंगाम आहे, भुसा गेला असेल, पाण्यानं धुवा. फोन ठेवला. दोन दिवसांनी परत आला, दुखतो म्हणते. मी म्हटलं, येते रविवारी.

रविवारी आले तर तू आतल्या खोलीत दार लोटून बसली होतीस, डोक्यावरून पदर ओढून. मी दार उघडलं तशी तोंड फिरवलंस. मी तुझी पापणी बोटानं ओढून पाहिली, उभ्या उभ्या, बॅग खांद्यावरच होती. लाल होता. मी म्हटलं, डोळे आलेत. बॅगेतून ट्यूब काढून हातावर ठेवली, दिवसातून तीनदा घाल म्हटलं. तू ट्यूब घेतली नाहीस. म्हणालीस, "त्या सलाईननं झालं हे. त्याच्या आदी डोया चांगला होता."

मी काय म्हणाले ते मला अक्षर न् अक्षर आठवतं. तुलाही शेवटपर्यंत आठवत असणार. मी म्हणाले, "सलाईन हाताले लावतेत, डोयाले नाई. नर्स मी हाये का तू?"

तू म्हणालीस, "तू हायेस." आणि ट्यूब घेतलीस.

माय, मी वाईट नव्हते गं. थकलेली होते. हे कारण म्हणून सांगत नाही, जसं होतं तसं सांगते. रोज तीस-चाळीस बाया यायच्या. कुणाची कंबर, कुणाचं पोट, कुणाचं अंगावरून जाणं, आणि प्रत्येकीकडं आपापलं कारण तयार. वांगं खाल्लं म्हणून. नवीन विहिरीचं पाणी म्हणून. तांबी बसवली म्हणून डोकं दुखतं, लस दिली म्हणून पोर रडतं. दहा गोष्टींत नऊ गोष्टी तशा नसायच्या. ऐकून ऐकून माझा कान असा झाला होता की पहिलं वाक्य आलं की पुढचं आपोआप मिटायचं. त्या कानानं मी तुझ्याकडं आले होते.

आणि तू तर मला हेच शिकवलं होतंस. नोकरीचं पहिलं वर्ष होतं, मी सुट्टीत घरी आले होते, आणि शेजारची काकू पोट धरून आली. ती बोलत होती आणि मी मध्येच म्हटलं, पित्त आहे, ही गोळी घ्या. ती गेली. तू चुलीपुढं भाकरी थापत होतीस, हात न थांबवता म्हणालीस, "तिचं पुरं आयकून त घे. औषध मंग सांगजो." मला राग आला होता. दोन घास कमी खाऊन उठले. नंतर काकूला वाशीमला न्यावं लागलं, पित्ताशयात खडे निघाले. तू मला त्याबद्दल परत एका शब्दानं बोलली नाहीस.

तुझा डोळा तीन-चार आठवड्यांनी निवळला. लाली गेली, दुखणं गेलं. मी म्हटलं, बघ, ट्यूबनं गेलं. तू हो म्हणालीस. पण तुरीची डाळ निवडायला बसलीस की सूप उजव्या बाजूला ओढायला लागलीस. डाळीत खडे यायला लागले. तुझ्या हातच्या डाळीत खडा ही गोष्ट आपल्या घरानं कधी पाहिली नव्हती. भाऊ जेवताना थांबायचा, खडा ताटाच्या कडेला ठेवायचा. वहिनी तू झोपलीस की डबा काढून डाळ परत निवडायची. हे मला वहिनीनं नंतर सांगितलं. तुला माहीत होतं का? मला वाटतं, असणार. निवडून ठेवलेल्या डाळीची पातळी दुसऱ्या दिवशी कमी झालेली तुझ्या ध्यानात आली नसेल असं होणार नाही.

वर्षभरानं वाशीमजवळच्या मालेगावला डोळ्यांचं शिबिर झालं, मी तुला घेऊन गेले. मोतीबिंदू असेल, काढून टाकू, असं मला वाटत होतं. तिथल्या डॉक्टरांनी पाहून सांगितलं, उजवा ठीक आहे, डाव्यात मोतीबिंदू आहे पण बाहुली आत चिकटलेली आहे, जुनी सूज आहे, शिबिरात हे काम होणार नाही, मोठ्या ठिकाणी न्या, तरी किती दिसेल सांगता येत नाही. मग विचारलं, डोळा लाल झाला होता तेव्हा कुठं दाखवलं होतं? तू माझ्याकडं पाहिलंस. मी डॉक्टरांना म्हटलं, खेड्यातली माणसं, उशिरा सांगतात. तू बाकावर बसून चप्पल घालत होतीस. ऐकलंस.

त्याच महिन्यात दुसरं सलाईन घ्यायचं होतं. मी फोन केला, तर तू म्हणालीस, "मले ते नको." मी म्हटलं, काहून? तू म्हणालीस, नको म्हणजे नको. मी आले, समजावलं, रागावले, भावाला मध्ये घातलं. तू गोळी पण नको म्हणालीस, सुई पण नको, हाडांच्या डॉक्टरकडं पायच ठेवायचा नाही म्हणालीस. का ते एकदाही सांगितलं नाहीस. मला तेव्हा वाटलं, म्हातारपणी माणूस असंच हट्टाला पेटतं. तुझ्याकडं सांगण्यासारखं एकच कारण होतं, ते तुझं आधीच सांगून झालं होतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

पुढं दोन वर्षांनी तू स्वयंपाकघरातून मागच्या अंगणात उतरताना पडलीस. तीच पायरी, चाळीस वर्षं उतरत होतीस. एका डोळ्यानं पायरीची खोली नीट कळत नाही, हे मला आता कळतं. मध्यंतरी थेंबांमुळं माझाही एक डोळा धूसर होता, मी चहाचा कप ओट्यावर ठेवायला गेले आणि हवेत सोडला. तुझं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण तू उठली नाहीस. सहा आठवडे पडून होतीस, मग छातीत कफ भरला.

यापुढचं लिहायचं टाळत होते, पण तेच लिहायला बसले आहे. तू गेल्यावर निवृत्त होईपर्यंत नऊ वर्षं मी तुझी गोष्ट बायांना सांगत होते. चाळिशी-पन्नाशीच्या बाया उपकेंद्रात आल्या की मी सांगायचे, हाडांची काळजी घ्या, औषध सांगितलं तर टाळू नका, माझी माय हट्टी होती, नाही म्हणाली, आणि खुबा मोडून गेली. लोकांना ती गोष्ट पटायची. नर्सबाईच्या घरातलीच गोष्ट म्हणून जास्त पटायची. शेलूबाजारात आणि आजूबाजूच्या खेड्यांत कितीतरी बाया असतील, ज्यांनी तुला कधी पाहिलं नाही, पण तू हट्टी होतीस एवढं त्यांना पक्कं ठाऊक आहे.

तिसऱ्या दिवशी मी अकोल्याला परत गेले. डॉक्टर मुलीनं पाहिलं, म्हणाली, छान उतरतंय, थेंब हळूहळू कमी करू, मनानं बंद करायचे नाहीत. मी खुर्चीतून उठले आणि परत बसले. म्हटलं, तुम्ही मला आईबद्दल विचारलं होतं, मी खोटं बोलले. मग सगळं सांगितलं. बाहेर पेशंट बसले होते, तरी तिनं मला मध्ये तोडलं नाही. शेवटी मी विचारलं, तसंच होतं का? ती म्हणाली, "मी त्यांचा डोळा पाहिलेला नाही, त्यामुळं छातीठोक सांगणार नाही. पण तुम्ही सांगता त्यावरून तसंच वाटतं." मी विचारलं, तेव्हा आणलं असतं तर? ती म्हणाली, तुमच्यासारखे थेंब दिले असते, बहुधा डोळा वाचला असता. आणि हाडांच्या डॉक्टरांना कळवलं असतं, म्हणजे पुढच्या वर्षी ते सलाईन दिलं नसतं, दुसरं काही देता येतं का ते पाहिलं असतं. मग जरा काळजीनं म्हणाली, सिस्टर, एक मात्र करा, हे ऐकून कुणाला हाडांचं औषध सोडायला सांगू नका. डोळ्याचं हे फार थोड्यांना होतं. औषधाविना मोडणारे खुबे किती असतात ते तुम्ही पाहिलंय.

मी पाहिलंय. म्हणूनच हे कुणावर ढकलता येत नाही, माय. औषध वाईट नव्हतं. हाडांच्या डॉक्टरांचंही काही चुकलं नाही, त्यांना कुणी सांगितलंच नाही. तू सांगितलंस ते माझ्यापाशी येऊन थांबलं.

डोळा निवळल्यावर मी मेडशीला गेले. भाऊ ओसरीत बसला होता, आता त्याचेही गुडघे धरतात. वहिनीनं चहा दिला. मी त्याला सगळं सांगितलं, मला वाटलं त्याला धक्का बसेल. तो चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, "मले सांगत होती थे. डोया सलाईननंच गेला म्हणे, मरेपर्यंत म्हणत होती."

मी म्हटलं, "मंग मले काहून नाई सांगतलं?"

"म्या म्हणलं होतं तिले, ताईले सांग. त म्हणे, तिले कायले सांगू, थे आयकत नाई."

तो हे रागानं बोलला नाही. वहिनीनं त्याच्याकडं पाहिलं तसा तो उठून बाहेर गेला. वहिनी म्हणाली, त्यांचं नका मनावर घेऊ. मी म्हटलं, त्याचं नाही घेत. मग मी स्वयंपाकघरात जाऊन ती पायरी पाहिली. आता तिथं सिमेंटचा उतार केला आहे, कठडा लावला आहे. बसची वेळ झाली होती, निघाले.

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीतली एक बाई आली. तिला तू ओळखणार नाहीस. माझ्या वेळी ती घरोघर निरोप द्यायला, बायांना बोलवायला माझ्याबरोबर फिरायची, फार कामाची. तिचं मनगट मोडलं आहे आणि तिलाही तेच सलाईन सांगितलं आहे. माझ्या डोळ्याचं तिच्या कानावर गेलं होतं, म्हणून विचारायला आली होती, घेऊ का नको. मी म्हटलं, घे. नक्की घे. ताप आला त घाबरू नको. पण डोळा लाल झाला, आतून दुखला, उजेड सोसला नाही किंवा धूसर दिसलं, तर घरात काही घालत बसू नको, त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडं जा, आणि सलाईन घेतल्याचं पहिलं सांग. डॉक्टरनं विचारायच्या आधी सांग.

ती म्हणाली, "आन् तुमची माय? तुमीच त सांगत होत्या, हट्टी होती, सुई नाई घेतली म्हणून खुबा मोडला."

मी म्हटलं, "मी चुकीचं सांगत होती. तिचा डोया त्याच औषधानं गेला होता. तिनं मले सांगतलं होतं, म्या आयकलं नाई."

ती म्हणाली, असं कसं, तुमी त नर्स. तिनं विषय बदलला, पोराच्या नोकरीचं काढलं, थोड्या वेळानं गेली. मला वाटलं होतं, हे एकदा तोंडानं बोललं की हलकं वाटेल. तसं झालं नाही. फक्त थकल्यासारखं झालं, शिबिराच्या दिवशी संध्याकाळी व्हायचं तसं. ती एक बाई झाली. बाकीच्या ज्यांना मी नऊ वर्षं तुझी गोष्ट सांगितली त्यांच्यापर्यंत आता मी कशी पोचणार? कामरगावहून लग्न होऊन आलेल्या, पुढं कामासाठी पुण्या-मुंबईकडं निघून गेलेल्या, काही तर मेल्याही असतील. त्यांच्या मनात तू तशीच राहणार.

माझा डोळा आता बरा आहे. वाचताना जरा पाणी येतं, डॉक्टर म्हणते जाईल. हे मी उपकेंद्रातल्या जुन्या रजिस्टरच्या कोऱ्या पानांवर लिहिते आहे, निवृत्तीच्या वेळी दोन रजिस्टरं सामानात चुकून आली. फाडून ठेवायचं की तसंच राहू द्यायचं, ठरवलेलं नाही. भावाला दाखवणार नाही. तो वाचून म्हणेल, आता काय त्याचं.

एक गोष्ट राहिली. हाडांच्या डॉक्टरांनी डोळ्याचा कागद पाहून माझं औषध बदललं. आता दर सहा महिन्यांनी पोटाच्या कातडीखाली एक छोटी सुई घ्यायची आहे. वेगळ्या जातीचं औषध आहे, दोन्ही डॉक्टरांचं बोलणं झालं आहे, मी स्वतः दोनदा विचारून घेतलं आहे. बायांना मी ज्या आवाजात समजावते त्या आवाजात मी स्वतःला समजावलं आहे. पहिली सुई गेल्या सोमवारी होती. मी सकाळी आंघोळ करून तयार झाले, ह्यांनी गाडी काढली, आणि मी म्हटलं, दवाखान्यातून फोन आला होता, डॉक्टर बाहेरगावी गेलेत.

कुणाचाही फोन आला नव्हता, माय. मला भीती वाटली.